देशबंधूंचें पितृऋण

वडिलांचें कर्ज मुलांनीं फेडावें कीं कायद्याचा आसरा घ्यावा, या एका प्रश्नावरून भावाभावांत अबोला धरलेलीं घरें आमच्या वाचकांच्या पाहण्यांत असतीलच. म्हणून देशबंधु चित्तरंजन दास यांच्या चरित्रांतील एकच प्रकरण आज आम्ही पुढें ठेवीत आहों. त्यांच्या राजकारणाची किल्लीहि आमच्या मतें याच प्रकरणांत आहे.

चित्तरंजनांचा जन्म १८७० सालीं कलकत्त्यास झाला. घराणें मूळचें ढाक्याकडील विक्रमपूरचें, ब्राह्म समाजी आणि वकिलीच्या पेशाचें. वडील भुवनमोहन हे सॉलिसिटर. कमावते खरे, पण त्याहून अधिक देते. हात सढळ राहिला आणि घर कर्जांत बुडालें. मुलगा विलायतेस गेला, सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेंत अपयश घेऊन व बॅरिस्टर होऊन परतला. परंतु आरंभीं वकिलीनें हात दिला नाहीं. वडिलांच्या कर्जांत त्यानें स्वतःसहि बांधून घेतलें होतें. अखेर १९०६ सालीं पितापुत्र दोघांनींहि नादारी पत्करली. वकिलीवर जगणाऱ्या घरास याहून मोठी नामुष्की कोणती?

हा शिक्का कपाळीं असतांनाच १९०८ सालीं अलीपूरचा खटला उभा राहिला. बडोद्यास तेरा वर्षें काढल्यामुळें मराठी मंडळींस आपलेसे वाटणारे अरविंद घोष आरोपींत होते. बचावाचा निधि आटला, तेव्हां या नादार बॅरिस्टरानें खटला अंगावर घेतला. सरकारतर्फें दोनशेंहून अधिक साक्षीदार झाले. महिनोंमहिने दुसरें काम दूर सारून चित्तरंजन अलीपुरास खपत राहिले, आणि मे १९०९ मध्यें अरविंद निर्दोष सुटले. (आदल्याच वर्षीं मुंबईस लोकमान्यांनीं स्वतःची बाजू स्वतः मांडली होती व त्यांना मंडाले दिसलें, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.)

खटल्यानें नांव झालें आणि पैसा येऊं लागला. मग १९१३ सालीं चित्तरंजनांनीं जुनीं सारीं कर्जें चुकतीं केलीं. सावकारांस तीं मागण्याचा अधिकार कायद्यानें उरलेला नव्हता, हें त्या बॅरिस्टरास कोणी समजावून सांगावयास नको होतें. तरीहि त्यांनीं पैसे दिले. वडिलांच्या हयातींतच घराण्याच्या नांवावरील डाग असा धुतला गेला, याचें आम्हांस विशेष वाटतें.

ते कविहि होते. तरुणपणच्या ‘मालंच’ या संग्रहानें ब्राह्म समाजांतील वडीलधारे रुष्ट झाले. ‘सागर-संगीत’ या काव्याचें इंग्रजी रूपांतर पुढें अरविंदांनीं केलें. अशिलानें वकिलाची अशी परतफेड केल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस तरी आठवत नाहीं.

डिसेंबर १९२० मध्यें नागपूरच्या काँग्रेसला ते असहकारितेस विरोध करण्यास स्वखर्चानें प्रतिनिधि घेऊन आले आणि अखेर तो ठराव त्यांनींच मांडला. पाठोपाठ भरभराटीची वकिली सोडली. वर्ष सरतां सरतां चिरंजीव, पत्नी वासंतीदेवी व स्वतः ते, अशा क्रमानें घरांतील तिघांनाहि अटक झाली. १९२३ सालीं मोतीलाल नेहरूंसह स्वराज्य पक्ष, १९२४ सालीं कलकत्त्याचें पहिलें महापौरपद, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

शेवटीं त्यांनीं राहतें घरहि लोकांस देऊन टाकलें. वडिलांच्या ज्या सढळपणापायीं आपण नादार झालों, तोच मुलानें गिरवला, असें कोणी गृहिणी म्हणेल, आणि तिचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. आम्ही एवढेंच दाखवूं कीं, आधीं दुसऱ्यांचें देणें पै-पैनें भागलें, दान त्यानंतर झालें. मात्र या दानाचा भार वासंतीदेवींस किती वाहावा लागला असेल, याचा हिशेब कोणत्याहि कोर्टांत झालेला नाहीं.

१६ जून १९२५ रोजीं दार्जिलिंग येथें देशबंधु वारले. पुढच्याच वर्षीं रसा रोडवरील त्या घरांत चित्तरंजन सेवासदन हें स्त्रियांचें रुग्णालय सुरू झालें. वासंतीदेवी त्यांच्यामागें १९७४ पर्यंत होत्या.