शेजार दोघांचा, कागद कुणाचा?

‘परराष्ट्रधोरण’ हा शब्द निघाला की आपल्या गटाच्या बैठकीत चुळबुळ सुरू होते. पोटगी, मारहाण, रेशन, पाणी हे आपले विषय. भारत, चीन, नेपाळ हे दिल्लीतल्या मोठ्या माणसांचे विषय, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून ठेवलेली असते. मला ही वाटणी मान्य नाही. दोन बलाढ्य देश एकाच लहान शेजाऱ्यावर आपलं वजन राहावं म्हणून चढाओढ करतात, तेव्हा तिचा खर्च दोन ठिकाणी वसूल होतो: बाईच्या चुलीवर आणि बाईच्या नागरिकत्वावर. चुलीची झळ काही महिन्यांनी ओसरते, नागरिकत्वाची झळ तिच्या मुलांपर्यंत पोचते. त्या दोन बलाढ्य देशांपैकी एक आपला आहे, म्हणून हा प्रश्नही आपला आहे.

मी काम करते तो भाग मानपाड्याचा. मानपाडे दोन आहेत, एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आणि दुसरं डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्हीकडे उंच इमारती उठल्या आणि त्यांच्या फाटकांवर नेपाळी पहारेकरी आले. पहारेकऱ्याचं नाव काहीही असो, सोसायटीत तो ‘बहादूर’ असतो. त्याची बायको जिन्याखाली किंवा पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत संसार मांडते, चार घरची धुणीभांडी करते. तिला ‘बहादूरची बायको’ एवढीच ओळख. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे ही माणसं व्हिसाशिवाय इथे येऊ शकतात, राहू शकतात, काम करू शकतात. आपल्या फरशा पुसणारी बाई एका आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारावर आपल्या घरात उभी आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

सत्तेची ओढाताण म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. डोंबिवलीच्या मानपाड्याभोवतालची २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. प्रत्येक वेळी गावं आपल्या बाजूला राहावीत म्हणून पक्षापक्षांत चढाओढ, सभा आणि आश्वासनं. टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाईला या ओढाताणीचा अर्थ एवढाच कळला, की नळाला पाणी का नाही हे विचारायला कुणाकडे जायचं तेच ठरत नाही. हाच खेळ देशादेशांमध्ये मोठ्या पटावर खेळला जातो.

नेपाळच्या बाबतीत हा खेळ जुना आहे. चीनमध्ये १९४९ साली कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि पुढच्याच वर्षी भारताने नेपाळशी मैत्री करार केला. १९६१ मध्ये राजे महेंद्र यांनी काठमांडूहून तिबेटच्या सीमेवरच्या कोदारीपर्यंत रस्ता बांधण्याचा करार चीनशी केला. १९८८ मध्ये नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि वाहतुकीच्या करारांची मुदत संपली, तेव्हा भारताने दोन सोडून बाकीची व्यापारी नाकी बंद केली. डोंगरातल्या घरांमधलं रॉकेल संपलं. बाई पुन्हा सरपणासाठी रानात गेली.

२०१५ मध्ये तेच घडलं, अधिक वाईट तऱ्हेने. २५ एप्रिलच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली होती. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना जाहीर झाली, तराईतल्या मधेशी जनतेने तिला विरोध केला आणि सीमेवरून येणारा माल थांबला. नेपाळने भारताला दोष दिला. भारताने नाकेबंदी केल्याचं नाकारून मधेशी आंदोलनाकडे बोट दाखवलं. खरं-खोटं इतिहासकार ठरवतील. घरात मात्र गॅस नव्हता, दुकानात औषधं नव्हती, आणि काठमांडूत सरकारी वखारीतून सरपण विकायची वेळ आली होती. पाच वर्षांखालची तीस लाखांहून अधिक मुलं त्या हिवाळ्यात धोक्यात आहेत, असा इशारा युनिसेफने नोव्हेंबरअखेर दिला. चीनने १३ लाख लिटर पेट्रोल भेट म्हणून पाठवलं आणि पुढच्या मार्चमध्ये नेपाळशी वाहतुकीचा करार केला. एकाने हात आखडता घेतला, दुसऱ्याने पुढे केला. बाळंतिणीला शेक द्यायला कोळसा मिळाला का, हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं.

ही झाली चुलीची गोष्ट. नागरिकत्वाची गोष्ट जरा सावकाश समजून घ्यायला हवी.

२०१५ च्याच राज्यघटनेतलं अकरावं कलम पाहा. नेपाळी पुरुषाने परदेशी स्त्रीशी लग्न केलं तर त्याचं मूल वंशाने नेपाळी ठरतं. नेपाळी स्त्रीने परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर तिच्या मुलाला मिळतं ते अंगीकृत नागरिकत्व, तेही अटी घालून. नेपाळी पुरुषाची परदेशी पत्नी नागरिकत्व मागू शकते. नेपाळी स्त्रीच्या परदेशी पतीसाठी अशी तरतूदच नाही. तिथल्या स्त्री-संघटनांनी याविरुद्ध रस्त्यावर येऊन निदर्शनं केली. त्यांना मिळालेलं उत्तर आपण नीट ऐकलं पाहिजे: सीमा उघडी आहे, शेजारी अवाढव्य आहे, उद्या भारतीय जावई आणि त्यांची मुलं देश ताब्यात घेतील! म्हणजे शेजाऱ्याची भीती खरी असो वा वाढवलेली, तिच्यावरचा इलाज म्हणून मुलीचा हक्क कापायचा. पुरुषसत्तेला एरवी धर्माचा आणि परंपरेचा आधार शोधावा लागतो. इथे तिला देशभक्तीचा आयता आधार मिळाला, आणि तो पुरवण्यात आपल्या देशाच्या दांडगाईचाही हात आहे.

२०२० मध्ये हे आणखी उघड झालं. मे महिन्यात भारताने लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं, नेपाळने नवा नकाशा काढला. जूनमध्ये, नकाशाचा वाद पेटलेला असतानाच, नेपाळी पुरुषाशी लग्न करणाऱ्या परदेशी स्त्रीने नागरिकत्वासाठी सात वर्षं थांबावं, असा प्रस्ताव तिथल्या संसदीय समितीने मंजूर केला. परदेशी स्त्री म्हणजे बहुतेक वेळा सीमेपलीकडची, बिहार-उत्तर प्रदेशातून मधेशात नांदायला गेलेली मुलगी. भारतातही सात वर्षांचीच अट आहे, असं नेपाळच्या मंत्र्यांनी सुनावलं आणि ते खोटं नव्हतं. पण भांडण डोंगरातल्या खिंडीचं आणि शिक्षा सुनेला, हा न्याय कुठला? पुढे ती अट मागे पडली आणि नागरिकत्वाचं दुरुस्ती विधेयक बऱ्याच रखडपट्टीनंतर ३१ मे २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या सहीने कायदा झालं. तोवरची वर्षं हजारो घरं कागदाविना लटकत राहिली.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. पश्चिम नेपाळमधली एक बाई इथे घरकाम करते. तिने एका भारतीय माणसाशी लग्न केलं, मुलगी झाली, तो सोडून गेला. मुलगी कायद्याने भारतीय आहे. पण प्रत्येक कचेरीत बापाचे कागद मागतात आणि बाप बेपत्ता. माहेरी न्यावं तर तिथे ती ‘परदेशी बापाची’. याच बाईच्या भावाने भारतीय मुलीशी लग्न केलं. त्याचा मुलगा मात्र वंशाने नेपाळी. एकाच आईची दोन लेकरं, एकाच सीमेपलीकडची लग्नं. भावाचं मूल देशाचं, बहिणीचं मूल कुणाचंच नाही. त्या बाईने मला विचारलं, ‘ताई, रोटी-बेटीचं नातं म्हणतात ना, मग बेटीचा कागद कुठाय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुंबईच्या चळवळीने हा प्रश्न पूर्वी एकदा पाहिलेला आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे घालून चारशेहून अधिक मुली सोडवल्या. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. नेपाळ सरकारने त्यांना परत घ्यायला टाळाटाळ केली. नागरिकत्वाचा पुरावा कुठे आहे, हा प्रश्न पुढे केला गेला. बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावाचून कागद मिळत नव्हता, तर विकल्या गेलेल्या मुलींकडे तो असणार कसा? महिनोन् महिने त्या इथल्या सुधारगृहांत पडून होत्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि सव्वाशेच्या आसपास मुलींना घरी घेऊन गेल्या. परत गेलेल्यांपैकी काहीजणींनी ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. तिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना दोन्ही सरकारांनी टोलवलं, त्यांनीच दोन्ही देशांना काम कसं करायचं ते दाखवलं.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, चीनची हुकूमशाही आणि आपली लोकशाही एका तराजूत कशी तोलता? मी तोलत नाही. पण लोकशाही देशाने शेजाऱ्याशी कसं वागावं, याची कसोटी अधिक कडक हवी. १९५० च्या करारासह सगळ्या संबंधांचा फेरविचार करण्यासाठी दोन्ही देशांनी २०१६ मध्ये एक प्रतिष्ठित व्यक्तींचा गट नेमला होता. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. गटात दोन्ही देशांचे चार-चार सदस्य, आणि आठही पुरुष. त्यांचा अहवाल २०१८ मध्ये तयार झाला आणि वर्षानुवर्षं सरकारांनी तो स्वीकारलाच नाही. रोटी-बेटीच्या नात्याची चर्चा करायला बसलेल्या आठ जणांत एकही बेटी नव्हती, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही!

नेपाळी बाई केवळ बिचारी आहे, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. तिथल्या २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत प्रत्येक वॉर्डात दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित, अशी सक्ती होती आणि निवडून आलेल्यांत सुमारे ४१ टक्के स्त्रिया होत्या. संसदेत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, हे त्यांच्या घटनेत २०१५ मध्येच आलं. आपल्याकडे त्याचा कायदा २०२३ मध्ये झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू करायचा, या बोलीवर. सप्टेंबर २०२५ च्या तरुणांच्या उठावानंतर माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की तिथल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, अंतरिम सरकारच्या का होईना. शेजारणीला शिकवायला निघण्याआधी तिच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपापल्या भागातल्या घरकामगारांच्या संघटनेत नेपाळी बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावाने बोलवा; ‘बहादूरची बायको’ म्हणून नव्हे. दुसरी, भारत-नेपाळ संबंधांवर पुढे जी कुठली समिती बसेल तिच्यात निम्म्या स्त्रिया हव्यात आणि सीमेपलीकडे लग्न झालेल्या बायकांच्या, त्यांच्या मुलांच्या कागदांचा विषय पत्रिकेवर हवा, असं पत्र प्रत्येक गटाने आपल्या खासदाराला लिहावं. तिसरी, आईच्या नावावरून मुलाचं नागरिकत्व, या मागणीसाठी झटणाऱ्या नेपाळी भगिनींना आपला पाठिंबा उघडपणे कळवावा. आणि कळवताना आपल्या सरकारने पुन्हा कधी अन्न, इंधन, औषधं यांचा दबावासाठी वापर करू नये, हेही त्याच पत्रात लिहावं. एक वाक्य लिहून दुसरं गाळलं, तर सीमेपलीकडच्या बाईला आपला पाठिंबा भारताच्या चढाओढीचाच आणखी एक भाग वाटेल, आणि तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.