माहितीपत्रक लिहिणारा नेमताय? मग आधी टेस्ट घ्या, आणि टेस्टचे पैसेही द्या!



मशीन आपण चांगलं बनवतो, पण सोबतचा कागद कोणाकडून तरी घाईत लिहून घेतो. हा कागद लिहिणारा माणूस, म्हणजे टेक्निकल रायटर, नुसता बायोडाटा बघून आणि गप्पा मारून निवडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा, धाडमध्ये तुम्ही बॅटरीवाले फवारणी पंप जोडून विकताय. गिऱ्हाईक कोण? आसपासचा कापूस-सोयाबीनवाला शेतकरी. उमेदवार एम.ए. झालेला, बोलायला एकदम छान. पण त्याने "द्रावण योग्य प्रमाणात भरावे" असं लिहिलं, तर शेतकऱ्याला काय कळलं? औषधाची मात्रा हेक्टरी सांगितलेली असते आणि शेतकरी हिशोब करतो पंपाचा. ५०० लिटर पाण्यात ५०० मिली औषध, म्हणजे १६ लिटरच्या पंपाला १६ मिली. हे सोपं करून लिहिता येतं का, ते गप्पांमधून दिसत नाही.

हा फक्त भाषेचा प्रश्न नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती, एका कागदाने सगळं टळलं असतं असं मी म्हणत नाही. पण वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, हातमोजे-मास्क घाला, हे वाचणाऱ्याला पटकन कळेल असं लिहून देणं विकणाऱ्याचं काम आहे.

टेस्ट अशी घ्या:

१. पंप समोर ठेवा. ४५ मिनिटांत एकच पान लिहायला सांगा: पंप पहिल्यांदा चालू कसा करायचा आणि काम झाल्यावर धुवायचा कसा.

२. एखादी माहिती मुद्दाम सांगू नका, उदा. चार्जिंगला किती वेळ लागतो. जो स्वतःहून विचारतो, त्याला जास्त मार्क.

३. ते पान हा पंप कधीच न वापरलेल्या माणसाला द्या. टाकीत साधं पाणी भरा. तुम्ही मधे बोलू नका. तो जिथे अडेल तिथे खूण करा.

४. मग उमेदवाराला पान सुधारायला १५ मिनिटं द्या. तो वाद घालतो की पेन उचलतो, तेही बघा.

"एआयकडून लिहून घेतलं तर?" घेऊ द्या! तुमच्या पंपाचं झाकण कुठे अडकतं, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

"अनुभवी माणूस टेस्ट देत नाही," असंही लोक म्हणतात. कारण टेस्टच्या नावाखाली फुकट काम करून घेणारे बरेच आहेत. म्हणून टेस्ट एक तासाचीच ठेवा, सगळ्यांना सारखीच द्या. येण्या-जाण्याचं भाडं आणि तासाचा मोबदला हातात ठेवा. त्याचं पान वापरायचं असेल तर विचारा आणि वेगळे पैसे द्या. बुलढाण्याहून एसटीने येणाऱ्या पोराचा अर्धा दिवस मोडतो, त्याची किंमत आहे की नाही?

हा खर्च काही शेकड्यांचा. चुकीची हजार पत्रकं छापून बसलात, तर कागद रद्दीत जाईल आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात.

मग आज एवढंच करा: तुमचं आत्ताचं माहितीपत्रक शेजाऱ्याच्या हातात द्या आणि गप्प उभे राहून बघा.