तोडलेला ऊस स्वतःलाच खातो



झाडावरून उतरवलेली पपई आठ दिवस कोनाड्यात विसरली, की मऊ पडते, मग गळू लागते. कुणी तिला हात लावलेला नसतो. तिच्याच पेशींतली विकरे, म्हणजे एन्झाइमे, तिला आतून विरघळवतात. उसाचेही तसेच. फरक इतकाच की उसाचे हे नुकसान डोळ्याला दिसत नाही; काट्यावर आणि उताऱ्यात दिसते.

उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. ऊस कोवळा असताना ते साखर फोडून वाढीला पुरवते. ऊस पक्व होतो तसा त्याचा जोर ओसरतो आणि कांड्यांत साखर साठते. पण कोयता लागला, ओल तुटली, ऊन तापले, की ते पुन्हा जोर धरते. साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. जिभेला गोड लागते, पण त्याची दाणेदार साखर होत नाही; ते मळीत जाते. ज्यांनी गुऱ्हाळ चालवले त्यांना हे सांगायला नको. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही, चिकट राहतो. पाठोपाठ कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात. जळालेल्या उसात हे सारे आणखी लवकर होते.

आता पैशाचे बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. वाळून वजन घटले तर तोटा माझा एकट्याचा. पण उतारा सगळ्या कारखान्याचा धरतात. म्हणून माझा शिळा ऊस शेजाऱ्याचाही भाव खातो.

सभासदाने ताजा ऊस द्यावा, असे दरवर्षी सांगतात. बरोबर आहे. पण फड तुटून पडतो अन् गाडी येत नाही, गाडी आली तर यार्डात रांग, याला सभासद काय करणार? आमच्या लोहारा भागात मार्चचे ऊन कसे असते ते सांगायला नको. मागे माझाच ऊस तुटल्यावर तिसऱ्या दिवशी काट्यावर चढला.

माझे म्हणणे एवढेच. चिठ्ठीवर तोडीच्या तारखेबरोबर तासही लिहावा. गव्हाणीला आधी तुटलेला ऊस आधी लावावा आणि २४ तासांत गाळावा. आपणही गाडी नक्की झाल्याशिवाय फडाला कोयता लावू देऊ नये, फड पेटवू नये, मोळ्या पाचटाखाली झाकाव्यात.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. पटला तर हात वर करा. नाही पटला तर उठून कारण सांगा.

— एक सभासद, लोहारा