बोटांची किंमत

टेंभुर्णीसारख्या गावांतून सुतारकाम आता विजेच्या गोल करवतीवर चालते. तिने तोडलेल्या बोटाची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटते असे ठरविले. पण स्वतःच्याच दुकानात राबणाऱ्या सुताराला मालक कोठला आणि भरपाई कसली?

अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी 1999 साली एक युक्ती काढली. पात्यात क्षीण विद्युत्संकेत खेळविलेला असतो. बोट लागताच तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून पाते क्षणार्धात थांबवितो. ठोकळा व बहुधा पातेही मग बदलावे लागते. शिवाय ओल्या लाकडानेही ही यंत्रणा फसते. ओली बाभूळ, लिंब कापणाऱ्यास ही अडचण लहान नव्हे.

मळणीयंत्रांत हात गमावणाऱ्यांसाठी संसदेने 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करून यंत्र बनविणाऱ्यावर व विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली. करवतीस तोच न्याय का नसावा? केंद्राच्या 2023 च्या विश्वकर्मा योजनेत सुतारास अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य देऊ केले आहे. त्यातून करवत घ्यावयाची तर पात्यावरील झाकणासह आणि लाकूड पुढे ढकलण्याच्या दांडक्यासहच मिळेल, एवढी अट तरी सरकारने घालावी.