जारचे पाणी आणि पुढची पिढी

मूल होत नाही म्हणून एखादे जोडपे दवाखान्यात येते, तेव्हा हातातली फाईल आजही बहुधा बायकोचीच असते. सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्यांची तपासणी, सगळे झालेले असते. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी तेवढी राहिलेली असते. वास्तविक वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाचाही वाटा असतो. तंबाखू, दारू, मधुमेह, मोठेपणी झालेले गालगुंड, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, भट्टीजवळचे काम ही कारणे आम्ही डॉक्टर नेहमी विचारतो. या यादीत प्लास्टिकमधल्या एका रसायनाचाही विचार करावा, असे माझे मत झाले आहे. त्याला कारण झालेले संशोधन आपल्या परळलाच झालेले आहे.

हे रसायन म्हणजे बिसफिनॉल-ए. काचेसारखे पारदर्शक आणि कडक असे जे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असते, ते यापासून बनते. साकीनाक्याच्या गाळ्यात, मुलुंडच्या क्लासमध्ये, बोरिवलीच्या छोट्या कार्यालयात उलटा ठेवलेला वीस लिटरचा निळसर जार बहुधा याच प्लास्टिकचा. डबाबंद पदार्थांच्या डब्यांचे आतले अस्तर, दुकानातल्या यंत्रातून निघणारे गुळगुळीत बिल यांतही ते आढळते. १९३६ साली लंडनमध्ये डॉड्स यांनी दाखवून दिले होते की, हे रसायन शरीरात सौम्य स्त्री-हार्मोनसारखे वागते. औषध म्हणून ते मागे पडले आणि पुढे प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरीला लागले!

१९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या बीजांडांत एकाएकी गुणसूत्रांचे दोष वाढलेले दिसले. शोध घेता कळले की, पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र क्षारयुक्त साबणाने धुतल्या गेल्या होत्या. पॉलिकार्बोनेट झिजले आणि बिसफिनॉल-ए पाण्यात उतरले. आपले जार किती वेळा धुतले जातात, कशाने धुतले जातात, टेंपोत उन्हात किती तास पडून असतात, याचा विचार ही हकिगत वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही. उष्णता, क्षार आणि ओरखडे या तिन्ही गोष्टी या प्लास्टिकला मानवत नाहीत.

परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे. २००९ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी गाभण उंदरणींना हे रसायन अत्यल्प प्रमाणात, किलोमागे दिवसाला एक ते अडीच मायक्रोग्रॅम, दिल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. जन्मलेल्या नरांत शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल घटलेली आढळली, आणि तो परिणाम पुढच्या पिढ्यांतही उतरलेला दिसला. २०१२ मध्ये त्यांनी प्रौढ उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशींत तुटलेली गुणसूत्रे आणि रक्तातील पेशींत डीएनएची मोडतोड दाखवली. २०१३ मध्ये शुक्रजंतूंच्या डीएनएतही तेच दिसले, आणि अशा नरांपासून राहिलेले गर्भ आतच जिरून जाण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे मादी पूर्ण निरोगी, दोष नराकडून आलेला. वारंवार गर्भपात झाला की सुनेच्या पत्रिकेत मंगळ शोधणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यासारखे लोक उगाच घबराट पसरवतात असा आरोप होतो. प्रौढ नरांतील हे दोष मुख्यतः मोठ्या मात्रेत दिसले. सर्वांत लहान मात्रेत गुणसूत्रे शाबूत होती. जिवाणूंवरील चाचणीत या रसायनाने थेट उत्परिवर्तन घडवले नाही. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अन्नातून येणाऱ्या सध्याच्या प्रमाणाला धोकादायक मानत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०२३ मध्ये रोजची सुसह्य मात्रा आधीच्या वीस हजारांश केली. त्यामागचे मुख्य कारण प्रतिकारशक्तीवरील परिणामांचे होते. २०२४ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत या रसायनावर बंदीही घातली. मला यातले दुसरे धोरण शहाणपणाचे वाटते. पोटातले बाळ आणि नवजात अर्भक यांच्यावर लहान मात्राही परिणाम करते हे परळच्या कामातले मर्म आहे, आणि गर्भार बाई नोकरीवर दिवसभर त्याच जारचे पाणी पिते.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून हे रसायन हद्दपार केले. बाळाला लावलेला न्याय त्याच्या आईला का नको? जारवर तो बनवल्याचा महिना ठळक छापावा, ओरखडलेले आणि धुरकट झालेले जार बाद करण्याची सक्ती असावी, आणि अन्न निरीक्षकाने पाण्याबरोबर जारही तपासावा, एवढी मागणी अवाजवी नाही.

तोवर घरी काय करावे? तर हे रसायन शरीरात साठून राहत नाही. बहुतेक सारे एका दिवसात लघवीवाटे निघून जाते. रोज नव्याने आत जाते म्हणूनच ते कायम सापडते. त्यामुळे सवय बदलली की फरकही लवकर पडतो. पाणी स्टीलच्या पिंपात किंवा माठात भरावे. प्लास्टिकच्या डब्यात गरम आमटी ओतू नये. पातळ पिशवीतून चहा आणणाऱ्यांना सांगतो, ते प्लास्टिक वेगळे, त्यात बिसफिनॉल नसते. पण म्हणून उकळता चहा त्यात ओतावा असे नाही. ‘बीपीए-फ्री’ या शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबू नका. त्याऐवजी कधीकधी बिसफिनॉल-एस वापरतात, आणि २०१८ मध्ये हंट यांनाच त्याच्यातही तसलेच दोष आढळले. दिवसभर गल्ल्यावर बिले फाडणाऱ्या मुलींनी जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझर चोळून बिल हाताळले तर रसायन त्वचेतून उलट जास्त शिरते.

आणि मूल हवे असलेल्या नवऱ्यांसाठी: शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू सोडून, पाण्याचे भांडे बदलून तीन महिन्यांनी वीर्यतपासणी पुन्हा करा. पहिली तपासणी मात्र आजच करून घ्या, बायकोच्या पुढच्या सोनोग्राफीआधी.