पाणी बंद, मीठ चालू!

मंडळी, आज थोडं रागावूनच लिहितोय. विषय जलोदराचा. यकृत कठीण होतं (डॉक्टर सिरॉसिस म्हणतात) आणि पोटात पाणी साठतं, तो.

आमच्या मालवणाकडे असा पेशंट घरी असला की भेटायला येणारा प्रत्येक जण हमखास सांगणार, "पोटात पाणी झालाहा, पाणी कमी पी रे!" घरचे लगेच तांब्या दूर ठेवतात. जेवायला पेज, आणि पेजेबरोबर लोणचं, पापड, नाहीतर भाजलेला खारा बांगडा. ताजे मासे मात्र 'जड' म्हणून बंद! याला पथ्य म्हणायचं?

अहो, सगळं उलटं आहे. यकृतातून रक्त नीट वाहीनासं झालं की मूत्रपिंडांचा समज होतो, अंगात रक्तच कमी पडलंय. मग ती मीठ धरून ठेवतात. मिठामागून पाणी येतं आणि पोटात उतरतं. चोर मीठ, आणि शिक्षा पाण्याला! रक्तातलं सोडियम फारच खाली गेलं तर पाणी मोजून द्यावं लागतं, पण ते डॉक्टर सांगतील, शेजारी नव्हे.

गोळ्यांचं तेच. स्पायरोनोलॅक्टोन ही मुख्य गोळी. मीठ धरून ठेवायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉनला ती अडवते. जोडीला बहुधा फ्युरोसेमाइड, साधारण १०० मिलिग्रॅमला ४० या प्रमाणात. पहिलीचा गुण यायला तीन-चार दिवस लागतात. तेवढाही धीर नसतो, लगेच झाडपाला! दुसरे, पोट लवकर उतरावं म्हणून आपल्याच मनाने गोळी वाढवतात. पायांना सूज नसेल तर वजन दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त उतरू नये, नाहीतर मूत्रपिंडं बसतात. म्हणून रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. पुरुषांची छाती या गोळीने कधी कधी दुखते, फुगते. लाजून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. दुसरी गोळी मिळते.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. सुकी मासळी, खारवलेली कैरी, मीठ घातलेलं आगळ, सगळं! ताजा मासा मात्र द्या, कमी मिठाचा. या आजारात मांस झडतं, प्रथिनं लागतात. 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, आणि ही गोळी पोटॅशियम आधीच वाढवते. शहाळ्याचंही तेच. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. दारू तर नकोच नको.

आमच्याच जिल्ह्यात शिरोड्याला १९३० साली मिठासाठी सत्याग्रह झाला. मीठ हक्काचं खरं, पण या आजारात तो हक्क सोडलेला बरा. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा शहाळं नेऊ नका, सल्ला तर मुळीच नेऊ नका. वजनकाटा नसेल तर तो न्या.

पटत नसेल तर खुशाल भांडा, पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारून या.