संगणकाच्या सेटिंगलाही बेणेमळा हवा



गेल्या हंगामात काही सभासदांची पंधरवड्याची बिले अडकली. ती का अडकली, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे. कारण अगदी साधे होते. काट्यांवरचे संगणक वेळ घेतात ती कार्यालयातल्या मुख्य संगणकाकडून. त्याचा पत्ता बदलला. तीन काट्यांवर आपल्या माणसाने हाताने नवा पत्ता घातला, चौथा राहून गेला. त्याचे घड्याळ हळूहळू मागे पडले आणि रात्री बारा वाजून गेल्यावर काटा झालेल्या गाड्यांच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडू लागली. पंधरवडा बदलला त्या रात्री पावती एका पंधरवड्यात आणि गेटची टोकन वही दुसऱ्यात! बोलणी मात्र बिचाऱ्या चिटबॉयने खाल्ली.

माणसाची चूक म्हणून हे सोडून देणे आम्हांस मान्य नाही. चूक पद्धतीची आहे. काटे, गट कार्यालये, हिशेब विभाग. प्रत्येक संगणकात सेटिंगच्या फायली आहेत. त्यांत कोणी, कधी, काय बदलले, हे कोणाच्या डोक्यात तर कोणाच्या खिशातल्या चिठ्ठीवर. तो माणूस रजेवर गेला की संपलं!

यावरचा उपाय जुनाच आहे. १९९३ साली ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. संगणक कसा असावा हे एकाच ठिकाणी लिहायचे. प्रत्येक संगणकाने ते ठरल्या वेळी वाचून आपल्यातले चुकलेले दुरुस्त करायचे. बरोबर असेल त्याला हात लावायचा नाही. २०१२ साली आलेले ‘अ‍ॅन्सिबल’ही बरेचसे हेच काम करते. २००५ सालचे ‘गिट’ प्रत्येक बदल नाव-तारखेसह नोंदवते. चुकले तर जुने परत आणता येते. ही साधने विनामूल्य मिळतात.

आपल्या शेतकऱ्याला यात नवल ते काय? बेणेमळा एक, तिथून बेणे सर्वांच्या शेतात. पण बेण्यातच काणी किंवा गवताळ वाढ असली तर रोग साऱ्या शिवारात जातो. इथेही तसेच. मूळ फाईल चुकली, तर एक नव्हे, सगळेच काटे चुकतील. म्हणून प्रत्येक बदल दोघांनी पाहावा, आधी एका काट्यावर एक पाळी चालवावा, मगच सगळीकडे लावावा. पासवर्ड मात्र त्या फायलीत उघडे लिहू नयेत.

काटा वजनाला खरा आहे, हे वैधमापन विभाग तपासतो. तो तारखेला खरा आहे, हे पाहणे आपले काम. येत्या बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी ही व्यवस्था झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. झाली नाही, तर सभासदांनी वार्षिक सभेत उठून जाब विचारावा. तो आम्हांलाही विचारावा.